कलावंतवस्ती, मुंबईतील

चित्रकार, लेखक, नट, गायक-वादक इत्यादींनी राहण्यासाठी किंवा नित्याच्या ऊठबशीसाठी जवळ केलेला आणि त्यांच्या वावरामुळे स्वतंत्र सांस्कृतिक ओळख पावलेला महानगरातील विभाग म्हणजे कलावंतवस्ती होय. जुन्या शहरांतील कारागिरांच्या पेठा व आळ्या यांहून ती भिन्न आहे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर जन्माने व जातिव्यवसायाने त्या आळीशी बांधलेला असे. कलावंतवस्तीत येणारा मनुष्य मात्र बहुधा परगावचा, पुष्कळदा एकटा आणि अनिश्चित प्राप्तीचा असतो. त्या जागेशी त्याचा संबंध मुख्यतः भाडेकरूचा असतो. अशा वस्तीचा इतिहास लिहिताना तेथील मैफली, वाद, मासिके व प्रदर्शने यांचे वर्णन विस्ताराने केले जाते. खोलीचे भाडे किती होते व ते कोणी स्थिर ठेवले, हा प्रश्न सहसा मागे राहतो. मुंबईच्या बाबतीत तो पुढे आणल्याशिवाय ह्या वस्त्यांची वाढ व त्यांचा ऱ्हास ह्या दोहोंचाही उलगडा होत नाही.

पाश्चात्त्य उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पॅरिसच्या उत्तरेकडील टेकडीवरील माँमार्त्र हे खेडे १८६० मध्ये शहरात समाविष्ट झाले. स्वस्त जागा व द्राक्षमद्याची दुकाने यांमुळे तेथे चित्रकार लोटले. तेथील ‘बातो-लाव्हार’ ह्या मोडकळीस आलेल्या इमारतीत पिकासो १९०४ ते १९०९ ह्या काळात राहत होता व त्याचे आव्हीन्यॉच्या स्त्रियांचे युगप्रवर्तक चित्र १९०७ मध्ये तेथेच तयार झाले. टेकडीचा बोलबाला होऊन प्रवाशांची गर्दी वाढली, तेव्हा चित्रकारांनी माँपार्नासची वाट धरली. न्यूयॉर्कमधील सोहो विभागात कारखाने उठून गेल्यावर रिकाम्या पडलेल्या मजल्यांवर १९६० नंतर कलावंतांनी बेकायदा बिऱ्हाडे थाटली. १९७१ मध्ये नगरपालिकेने त्यांस मान्यता दिली आणि पुढील काही दशकांत तो शहरातील अत्यंत महागड्या भागांपैकी एक बनला. सामान्यांची वस्ती क्रमाने धनिकांच्या ताब्यात जाण्याच्या ह्या प्रक्रियेस ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनसंबंधी लिहिताना ‘जेंट्रिफिकेशन’ ही संज्ञा योजिली. मराठीत तिला ‘उच्चभ्रूकरण’ म्हणता येईल. कलावंत हा ह्या प्रक्रियेचा अग्रदूतही असतो आणि तिचा बळीही. त्याच्या येण्याने जागेला नाव मिळते व त्या नावाची किंमत त्यालाच परवडेनाशी होते.

मुंबईत ह्या प्रकारची पहिली मोठी वस्ती म्हणजे गिरगाव. ठाकुरद्वार ते ऑपेरा हाउस आणि चर्नी रोड ते खेतवाडी ह्या पट्ट्यात पूर्वी नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागा तोडून तेथे चाळी उठल्या. नावे मात्र तशीच राहिली. खटाववाडी, केळेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, खोताची वाडी ही त्यांपैकी काही होत. कोकण व देश ह्या दोन्ही भागांतून कारकुनी, शिक्षकी वा छापखान्यातील कामाच्या शोधात आलेला मराठी मध्यमवर्ग येथे स्थिरावला. चाळ म्हणजे एक वा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची रांग, पुढे सामाईक सज्जा आणि मजल्याच्या टोकाला नळ व संडास. कुटुंबकबिला गावी ठेवून आलेले चाकरमाने एका खोलीत अनेक जण राहत व खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवत. दहा पावलांवर छापखाना, नाटकगृह व वाचनालय असल्यामुळे ह्या गर्दीतच एक वाचक-प्रेक्षकवर्ग तयार झाला. ट्राम १९०७ पासून विजेवर धावू लागली आणि १९६४ पर्यंत अल्प दरात शहरभर फिरण्याची सोय राहिली. परंतु गिरगावकराला नाटकास जाण्यासाठी तिचीही गरज क्वचितच पडे. रात्री उशिरापर्यंत, कधी पहाटेपर्यंत चालणाऱ्या संगीत नाटकांना घराजवळचा प्रेक्षक लाभणे ही साधी गोष्ट नव्हे.

नाट्यगृहांची परंपरा जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडवरील नाटकगृहापासून सुरू होते. सांगलीच्या विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये आपल्या मंडळीचे प्रयोग मुंबईत तिकीट लावून केले. पुढे ग्रँट रोडच्या आसपास पारशी, गुजराती, उर्दू व मराठी नाटकांची गृहे एकमेकांशेजारी नांदली. बालगंधर्व व केशवराव भोसले यांच्या कंपन्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग ह्याच भागातील बालीवाला थिएटरात झाला. चित्रपटाचा प्रवेशही येथूनच. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र  ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रेक्षकांपुढे आला आणि पहिला भारतीय बोलपट आलम आरा १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला. ही दोन्ही चित्रपटगृहे नामशेष झाली. मॅजेस्टिकच्या जागी त्याच नावाचे दुकानांचे संकुल उभे आहे.

सार्वजनिक गणेशोत्सवाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून तो सुरू झाला. पुढे मेळे, व्याख्याने, हौशी नाटके व गायनाच्या बैठका यांना चाळीचे अंगण हेच सभागृह झाले. व्यावसायिक रंगभूमीवर पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांचा पहिला चेहरा अशाच मांडवात रंगला. १९३५ मध्ये डॉ. अ. ना. भालेराव आदींच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना झाली व केळेवाडी हे त्याचे घर बनले. बोलपटांच्या लाटेत मराठी रंगभूमी मोडकळीस आली होती, तेव्हा संघाने नाट्यमहोत्सव भरवून तिला आधार दिला. उघड्या रंगमंचावर, मागच्या चाळींच्या सज्ज्यांतून डोकावणाऱ्या फुकट्या प्रेक्षकांसह हे प्रयोग होत. संघाचे बंदिस्त नाट्यगृह १९६४ मध्ये उभे राहिले व त्यास पुढे भालेरावांचे नाव देण्यात आले.

ग्रंथव्यवहाराच्या बाबतीत गिरगाव व त्यालगतची काळबादेवी यांचे स्थान अनन्यसाधारण होते. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत होता. त्याच्या देवनागरी खिळ्यांनी मराठी व संस्कृत मुद्रणाला वळण लावले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. लॅमिंग्टन रोडवर १९२४ मध्ये निघालेल्या पॉप्युलर बुक डेपोतून पुढे पॉप्युलर प्रकाशन वाढले. मॅजेस्टिक सिनेमाच्या परिसरात केशवराव कोठावळे यांनी थाटलेल्या पुस्तकांच्या दुकानातून मॅजेस्टिक प्रकाशन. ह्या साऱ्यांत खटाववाडीतील मौज छापखाना व प्रकाशनगृह यांचे महत्त्व विशेष. १९३३ मध्ये सुरू झालेले सत्यकथा हे मासिक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली नवकथा व नवकविता यांचे मुख्य व्यासपीठ बनले आणि १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत मराठी साहित्यिकाच्या प्रतिष्ठेचा एक मापदंड होऊन राहिले. यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या लहान गावी बसून लिहिणाऱ्या मनुष्याने गिरगाव पाहिलेले नसे. परंतु ‘खटाववाडी, मुंबई ४’ हा पत्ता त्याला पाठ असे. हस्तलिखित त्या पत्त्यावर जाई आणि स्वीकाराचे वा साभार परतीचे उत्तर तेथून येई. साहित्याच्या भूगोलात एखादी गल्ली इतकी मोठी व्हावी, हे मराठीत तरी दुसरे उदाहरण नाही.

हे मोठेपण सर्वांनाच मान्य होते, असे मात्र नव्हे. १९५५ च्या सुमारापासून, विशेषतः १९६० नंतर, मुंबईत लघुनियतकालिकांची चळवळ फोफावली. चक्रमुद्रित वा स्वस्तात छापलेली ही पत्रिका प्रस्थापित मासिकांच्या निवडीविरुद्ध उभी होती. १९६९ मध्ये तिच्यातील तरुणांनी सत्यकथेच्या अंकाची होळी केली, ती खटाववाडीतच. निषेधासाठी हीच जागा निवडली जावी, ह्यातच गिरगावच्या सत्तेची कबुली होती. ह्या सत्तेच्या सीमाही अतिशय जवळ होत्या. गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर कामाठीपुरा व गोलपिठा हा भाग आहे. तेथील ढोर चाळीत वाढलेल्या नामदेव ढसाळ यांचा गोलपिठा  हा संग्रह १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी वाचकाला आपल्या शेजारची वस्ती प्रथमच दिसली. वाङ्मयीन प्रतिष्ठेची वाडी आणि वेश्यावस्ती यांच्यामध्ये दोन-तीन रस्त्यांचेच अंतर होते. मराठी साहित्याला ते ओलांडण्यास शतक लागले.

संगीताच्या क्षेत्रात ह्या परिसराचे क्षेत्र अधिक विस्तृत व अधिक संमिश्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उत्तरेतील मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू भेंडी बाजाराच्या आसपास स्थायिक झाले आणि त्यांची गायकी भेंडी बाजार घराणे ह्या नावानेच ओळखली जाऊ लागली. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा ही घराणी संस्थाने व गावे यांची नावे धारण करतात. बाजारपेठेच्या मोहल्ल्याचे नाव घेणारे घराणे मुंबईतच संभवते. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोरनंतर १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गाण्याला स्वतःची वास्तू असावी ह्या आकांक्षेने त्यांनी कर्ज काढून सँडहर्स्ट रोडवर इमारत बांधली. कर्ज फिटले नाही व इमारत हातची गेली. पलुसकरांनी अखेरची वर्षे नासिकला काढली. भाड्याच्या खोलीत तग धरणारी कला मालकीच्या इमारतीखाली दबून जाते, ह्याचे हे मुंबईतील आरंभीचे उदाहरण म्हणावे लागेल. त्यांचे शिष्य बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेले संगीत विद्यालय ऑपेरा हाउसजवळ भाड्याच्याच जागेत चालले व दीर्घकाळ टिकले. बेळगावकडील कुमार गंधर्व मुलगा असतानाच तेथे आले व त्यांचे शिक्षण ह्या विद्यालयात झाले. निरनिराळ्या घराण्यांचे गायक तेथे येऊन गात व बोलत. शिष्याला एका घराण्यात कोंडून न ठेवणारे हे वातावरण महानगराखेरीज अन्यत्र दुर्मिळ होते.

‘कलावंत’ हा शब्द ह्या संदर्भात जपून वापरावा लागतो. गोमंतकात तो देवळांशी निगडित गायिका-नर्तिकांच्या समाजाचे नाव होता. ह्या समाजातील अनेक स्त्रिया उस्तादांकडे शिकण्यासाठी व मैफलींसाठी मुंबईस आल्या. गिरगावातील पांढरपेशा चाळींचे दरवाजे त्यांना सहजासहजी उघडत नसत. गावदेवी, खेतवाडी, ग्रँट रोड, केनेडी पूल ह्या भागांत त्यांची बिऱ्हाडे झाली. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी जयपूर घराण्याची गायकी मुंबईतच कळसास नेली. ज्या श्रोत्यांनी त्यांच्या मैफलींना गर्दी केली, त्यांपैकी बहुतेकांनी त्यांना आपल्या मजल्यावर खोली मिळू दिली असती काय, ह्याचे उत्तर गौरवग्रंथांत सापडणार नाही. ‘कलासक्त वस्ती’ आणि ‘कलावंतास जागा देणारी वस्ती’ ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चित्रकारांचा इतिहास गिरगावच्या दक्षिणेस घडला. सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे फोर्ट भागाला महत्त्व होतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास यूरोपातून आलेल्या काही निर्वासित रसिकांमुळे त्यात भर पडली. त्यांपैकी वॉल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक होते व त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहा संस्थापक म्हणजे सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे. ह. अं. गाडे हे नेरच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. रझा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईस आले व ठसे तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात चित्रे रंगवीत. हुसेन यांनी ग्रँट रोडच्या परिसरात राहून सिनेमाचे भव्य फलक रंगविले. ह्यांतील कोणाचीही राहण्याची जागा कलावस्ती म्हणून प्रसिद्ध नव्हती. शहराने त्यांना काम दिले, भिंती दिल्या, पण चित्रशाळा दिली नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला व रझा १९५० मध्ये पॅरिसला निघून गेले. त्यांच्या जाण्याची कारणे अनेक होती; रंगविण्यास पुरेशी जागा नसणे हे त्यांतील एक नव्हते, असे म्हणता येणार नाही.

ही उणीव काही काळ भरून काढली ती वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेने. प्रसिद्ध विधिज्ञ व राष्ट्रीय नेते भुलाभाई देसाई यांचा समुद्रकाठचा बंगला १९५० नंतर कलावंतांसाठी खुला झाला. वासुदेव गायतोंडे, हुसेन आदी चित्रकारांना तेथे नाममात्र भाड्याने चित्रशाळा मिळाल्या. इब्राहिम अल्काझी यांची नाट्यशाळा व रविशंकर यांचे ‘किन्नर’ हे संगीत विद्यालय तेथेच चालले. चित्रकाराने रंग कालवावेत आणि शेजारच्या दालनातून सतारीचा रियाझ ऐकू यावा, नटांनी गच्चीवर तालीम करावी, असा योग भारतीय कलेच्या इतिहासात क्वचितच आला आहे. एका कुटुंबाच्या औदार्यावर तो अवलंबून होता व त्यामुळेच अल्पायुषी ठरला. अल्काझी १९६२ मध्ये राष्ट्रीय नाट्यविद्यालयाची धुरा घेण्यासाठी दिल्लीस गेले. पुढे संस्था बंद पडून बंगल्याच्या जागी बहुमजली निवासी इमारत उभी राहिली.

काळा घोडा ह्या विभागाची गोष्ट निराळी. सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून, तो युवराज असतानाच्या १८७९ मधील शिल्पावरून, हे नाव पडले. पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला, नाव राहिले. येथे १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडले. त्यातील समोवार हे उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चित्रकार, कवी व पत्रकार यांचे भेटीचे ठिकाण होते. समोरच्या वेसाइड इन ह्या उपाहारगृहात दर गुरुवारी अरुण कोलटकर मित्रांसह बसत. खिडकीतून दिसणारे पदपथावरील जग त्यांनी काळा घोडा पोएम्स  (२००४) ह्या इंग्रजी संग्रहात चितारले. ज्या कवीमुळे काळा घोडा जगाच्या काव्यनकाशावर आला, तो स्वतः प्रभादेवीच्या एका लहानशा खोलीत राहत असे. काळा घोडा ही कलावंतांची बैठक होती, बिऱ्हाड कधीच नव्हते. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशनची स्थापना झाली व १९९९ पासून तेथे वार्षिक कलामहोत्सव भरू लागला. त्यातून परिसराच्या जुन्या वास्तूंची डागडुजी झाली, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय.

आता भाड्याकडे वळले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत प्रथम भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सामान्यतः प्रमाण मानले. पुढील अर्धशतकात शिधा, कापड, ट्राम-बसचे तिकीट ह्या सर्वांचे दर वाढले. चाळीतील खोलीचे भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिले. अनियमित मानधनावर जगणारा नट, मास्तरकी करणारा कवी, शिकवण्यांवर गुजराण करणारा गवई हे शहराच्या मध्यभागी राहू शकले ते मुख्यतः ह्या कायद्यामुळे. कोणत्याही शासकीय पुरस्काराने मराठी कलावंतास दिले नसेल इतके साहाय्य त्याने दिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु त्याचे लाभ आधी येऊन राहिलेल्यांनाच झाले. नव्याने येणाऱ्यास पागडी मोजल्याखेरीज खोली मिळेना व ती मोजण्याची ऐपत होतकरू कलावंतापाशी नसे. दुसऱ्या बाजूने तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करीनात. इमारती खचू लागल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर बसविला, त्या वेळी शहर विभागातील सुमारे १९,६०० इमारती त्याखाली आल्या. ह्या ‘उपकरप्राप्त’ इमारतींत गिरगावचा मोठा हिस्सा होता.

खोली न मिळणाऱ्या पिढीने दोन मार्ग धरले. एक उपनगरांचा. दादर, पार्ले, नंतर डोंबिवली अशी मराठी लेखक-नटांची वाटचाल झाली व रंगभूमीचा केंद्रबिंदूही उत्तरेस सरकला. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ मध्ये सुरू झाले आणि १९७४ पासून तेथल्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक रंगभूमीची चळवळ चालविली. शाळेच्या सभागृहात नाटके होण्याचे कारण कलाविषयक सिद्धांत नव्हता. तेथले भाडे परवडत होते.

दुसरा मार्ग सहकाराचा. वांद्रे (पूर्व) येथे, मिठी नदीच्या खाडीलगतच्या तेव्हाच्या दुर्लक्षित भागात, १९६०–७० च्या दशकात साहित्य सहवास ही लेखकांची व कलानगर ही कलावंतांची गृहनिर्माण वसाहत आकारास आली. शेजारीच पत्रकारांची वसाहतही झाली. साहित्य सहवासातील इमारतींना झपूर्झा, शाकुंतल, उषःकाल अशी साहित्यातील नावे देण्यात आली. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, म. वि. व विजया राजाध्यक्ष, य. दि. फडके, हिंदीतील धर्मवीर भारती, कवी रमेश तेंडुलकर इ. अनेक साहित्यिक तेथे राहिले. रमेश तेंडुलकरांचा पुत्र सचिन याचे बालपण तेथील अंगणात गेले व क्रिकेटमुळे ही वसाहत साहित्य न वाचणाऱ्यांसही ठाऊक झाली. ठरवून वसविलेली वस्ती ही गिरगावसारखी आपोआप वाढलेली नव्हती. येथे छापखाना नव्हता, नाटकगृह नव्हते, खानावळ नव्हती. स्थिर नोकरी असलेल्या प्राध्यापक-लेखकाचे नीटनेटके कुटुंब होते. मराठी साहित्यिकाच्या मध्यमवर्गीय स्थैर्याचे हे स्मारकच होय. तथापि त्याचे मोल कमी लेखू नये. लेखकास स्वतःच्या मालकीचे छप्पर मिळवून देण्याचा असा प्रयत्न पुन्हा तेवढ्या यशाने झालेला नाही. शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिल्यावर येथील जमिनीचे भाव गगनाला भिडले व होतकरू लेखकाला ह्या वसाहतीत जागा घेणे अशक्य झाले.

गिरणगावचा विचार कलावंतवस्ती म्हणून क्वचितच केला जातो. तो केला पाहिजे. परळ-लालबागच्या चाळींतून भजनी मंडळे, नमन-खेळे, तमाशाचे फड, कामगार रंगभूमी आणि शाहिरी बहरली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये निघाले. नारायण सुर्वे यांच्या कवितेचे विद्यापीठ हेच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ह्या जमिनींचा एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व एकतृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती मर्यादित झाली व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. त्यानंतर लोअर परळ हा भाग झपाट्याने बदलला. जुन्या गिरण्यांच्या विटांच्या भिंती व लोखंडी कैच्या जशाच्या तशा ठेवून त्यांत जाहिरात संस्था, कलादालने, वस्त्रकल्पकांची दुकाने व महागडी उपाहारगृहे थाटण्यात आली. यंत्रमागाच्या खात्याचा उघडा सांगाडा ही आता सजावट ठरली. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ह्या सजावटीमागची बेपर्वाई उघड झाली. न्यूयॉर्कच्या सोहोशी ह्या भागाची तुलना केली जाते, ती अर्धीच खरी आहे. सोहोत कारखान्यांनंतर प्रथम कलावंत आले व मग धनिक. लोअर परळमध्ये मधला टप्पा गाळला गेला. शाहीर तेथे आधीच होता, पण तो गिरणीबरोबरच बाहेर गेला.

गिरगावातही १९९१ नंतर बदलाचा वेग वाढला. त्या वर्षीच्या नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्र देऊ केले. जुन्या भाडेकरूस किमान २२५ चौ. फुटांची मालकीची सदनिका व उरलेल्या क्षेत्राच्या विक्रीतून विकसकास नफा अशी ही योजना होती. पुढे किमान क्षेत्र ३०० चौ. फुटांपर्यंत वाढविण्यात आले. १९४७ च्या अधिनियमाची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. चाळीच्या जागी मनोरा आला की सामाईक सज्जा जातो, अंगणाच्या जागी वाहनतळ येतो. स्वतंत्र संडास व न गळणारे छप्पर मिळालेल्या रहिवाशाने ह्याबद्दल हळहळ करावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होय. पुष्कळांनी नव्या सदनिका विकून वा भाड्याने देऊन उपनगरांत मोठे घर घेतले. खोताच्या वाडीतील इंडो-पोर्तुगीज धाटणीच्या सुमारे ६५ घरांपैकी निम्म्याहून कमी उरली आहेत. तेथील अनंताश्रम ही गोमंतकी मासळीसाठी ख्यात असलेली खानावळ बंद झाली. ऑपेरा हाउस ह्या १९११ मध्ये उद्‌घाटन झालेल्या नाट्यगृहाचे दरवाजे १९९३ मध्ये बंद झाले होते. जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. साहित्य संघाचे नाट्यगृह केळेवाडीत उभे आहे, परंतु त्याचा प्रेक्षक प्रायः लोकलने येतो. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गासाठी गिरगावातील काही जुन्या इमारती पाडण्यात आल्या व तेथील रहिवाशांचे पुनर्वसन त्याच भागात करण्याचे ठरले. ह्या मार्गावरील गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले.